मुक्ता बदलली, मग राग कोणावर काढायचा?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा आहे. 'प्रेमाची गोष्ट' मालिकेतून तेजश्री प्रधान बाहेर पडली आणि तुमच्या सासूबाईंनी मालिका बघणं सोडलं. घरात, शेजारी, बहिणींशी फोनवर, जिथे तिथे हाच विषय. तुमच्याकडून वाहिनीच्या पानावर दोन-तीनदा लिहूनही घेतलं. पुढे मालिका संपली, आणि आता त्यांच्या मनाला लागून राहिलंय की आपल्यासारख्यांनी पाठ फिरवली म्हणून ती बंद पडली, त्या नव्या मुलीवर उगाच अन्याय झाला. तुम्ही विचारता आहात की प्रेक्षकांचं असं रागावणं खुळेपणाचं आहे का, वाहिनी ते ऐकते का, आणि मुख्य कलाकारच गेल्यावर मालिका सरळ थांबवत का नाहीत.

मी दैनंदिन मालिकांच्या पटकथा आणि संवाद लिहिते. नायिका बदलल्यावर पुढचे भाग लिहायची वेळही माझ्यावर आलेली आहे. 'प्रेमाची गोष्ट'शी माझा कामाचा संबंध नव्हता, त्यामुळे तिथे आत काय झालं यावर मी काही बोलणार नाही. पण असा बदल होतो तेव्हा पडद्याच्या दोन्ही बाजूंना काय चालतं हे मला जवळून माहीत आहे.

सासूबाईंना आधी एवढं सांगा की त्यांचं रागावणं खुळेपणाचं नाही आणि मालिका त्यांच्यामुळे बंद पडलेली नाही.

कलाकार बदलणं मराठी प्रेक्षकाला नवं नाही. आपल्या रंगभूमीवर रिप्लेसमेंट ही वर्षानुवर्षांची रीत आहे. 'नटसम्राट' 1970मध्ये आलं तेव्हा अप्पासाहेब बेलवलकर डॉ. श्रीराम लागूंनी उभे केले. पुढे दत्ता भट, सतीश दुभाषी, यशवंत दत्त यांनी ती भूमिका केली, आणि लोकांनी यांचे अप्पासाहेब बघितले, त्यांचेही बघितले, घरी जाऊन हौसेने तुलना केली. मग तोच प्रेक्षक मालिकेत एवढा का दुखावतो? नाटक दर प्रयोगाला तिसऱ्या घंटेनंतर नव्याने सुरू होतं. कालच्या प्रयोगातलं काहीही आजच्या अप्पासाहेबांना आठवायचं नसतं. मालिका मात्र कालच्यावर आज उभी असते. पात्राला जे जे आठवतं ते प्रेक्षकाने स्वतः पाहिलेलं असतं, आणि ते एका ठरावीक चेहऱ्यावर पाहिलेलं असतं.

मुक्ताचंच बघा. मालिका सप्टेंबर 2023मध्ये सुरू झाली. मुक्ता गोखले, दातांची डॉक्टर, आपल्याला मूल होणार नाही हे ठाऊक असलेली. सागर कोळीची लेक सई तिला लळा लावते आणि त्या मुलीपायी ती सागरशी संसार मांडते. गोखल्यांचं घर आणि कोळ्यांचं घर, खाण्यापिण्यापासून बोलण्यापर्यंत सगळं वेगळं, मध्ये सागरची आधीची बायको आणि सईची जन्मदाती आई सावनी आहेच. पण गोष्टीचा जीव सई आणि मुक्तामध्ये होता. सोळा महिने रोज रात्री तुमच्या सासूबाईंनी एका लहान मुलीला एका बाईच्या कुशीत विसावताना बघितलं. जानेवारी 2025मध्ये तेजश्री गेली आणि स्वरदा ठिगळे मुक्ता झाली. नाव तेच, घर तेच, सईही तीच, आणि सई आता दुसऱ्याच बाईला मुक्ताई म्हणून बिलगते. पोरीची आई पुन्हा एकदा हरवली असं बघणाऱ्याला वाटलं तर त्यात खुळं काय आहे? लेखकांनी आणि दिग्दर्शकाने सोळा महिने खपून तेच नातं तर प्रेक्षकाच्या मनात रुजवलेलं असतं.

त्यात मालिका हा क्लोजअपचा खेळ. जाहिराती वगळून वीस-बावीस मिनिटांच्या भागात आम्ही वाक्यं कमी आणि ऐकणाऱ्याचे चेहरे जास्त दाखवतो. तेजश्री रडू येण्याआधी हनुवटी कशी आवळते, सईकडे बघताना आवाज कसा खाली आणते, हे तुमच्या सासूबाईंना सख्ख्या पुतण्यांच्या सवयींपेक्षा जास्त माहीत असणार. शिवाय ही ओळख मुक्तापासूनची नाही. 'होणार सून मी ह्या घरची'मधल्या जान्हवीपासून, म्हणजे 2013पासून ती मुलगी त्यांच्या घरात येते आहे. आणि हा धक्काही पहिला नाही. 'अग्गंबाई सासूबाई'मधली शुभ्रा तेजश्रीचीच होती. मार्च 2021मध्ये 'अग्गंबाई सूनबाई' सुरू झाली तेव्हा शुभ्राच्या जागी उमा पेंढारकर आली, सोहमही आशुतोष पत्कीचा अद्वैत दादरकर झाला. आसावरी आणि अभिजित मात्र निवेदिता सराफ आणि गिरीश ओक हेच राहिले. तेव्हाही लोक चिडले होते, पण तिथे निदान मालिकेचं नाव बदललं होतं, कथेत काळ पुढे गेला होता, ही नवी गोष्ट आहे हे प्रेक्षकाला आधी सांगितलं होतं. चालू गोष्टीच्या मध्येच चेहरा बदलणं त्याहून फार अवघड.

कलाकार का जातात, याचं उत्तर दर वेळी वेगळं असतं. कोणाची तब्येत साथ देत नाही, कोणाच्या घरी बाळ येणार असतं, कोणाला सिनेमा किंवा नाटक मिळतं आणि तारखा जुळत नाहीत. कोणाला वाटतं, ज्या भूमिकेसाठी होकार दिला ती आता राहिलीच नाही. सहा महिन्यांत ट्रॅक असे फिरतात की स्वाभिमानी म्हणून सुरू झालेली बाई रोज दाराआडून ऐकत उभी असते. मानधन दिवसावर ठरतं आणि या धंद्यात ते हातात पडायला बहुधा नव्वद दिवस लागतात. शिफ्ट बारा तासांची, पण मढ, घोडबंदर रोड किंवा गोरेगावच्या फिल्मसिटीत जाण्यायेण्याचा वेळ त्यात धरलेला नसतो. महिन्यातले वीस-पंचवीस दिवस नायिका सेटवर असते. हे दोन-तीन वर्षं सलग करणाऱ्या माणसाला थांबावंसं वाटलं तर तो प्रेक्षकांना सोडून पळाला असं म्हणू नये.

ही कारणं लोकांपर्यंत पोचत नाहीत, कारण करारात गोपनीयतेचं कलम असतं. कलाकार बोलत नाही, निर्माता बोलत नाही, वाहिनी एक नवा प्रोमो टाकते आणि गप्प बसते. मग रिकाम्या जागेत अफवा शिरतात. कोणी म्हणतं सहकलाकाराशी भांडण झालं, कोणी म्हणतं पैशांवरून फिसकटलं. सासूबाईंनी यातलं काही ऐकलं असेल तर सोडून द्यायला सांगा. खरं कारण माहीत असलेली माणसं सहसा गप्पच असतात.

आता आतली बाजू. बदल ठरला की आमच्या हातात फार दिवस नसतात. आधी चित्रित करून ठेवलेल्या भागांना आम्ही बँक म्हणतो. बँक चार-पाच भागांची असली तर नशीब, एरवी आज चित्रित केलेलं परवा दिसतं. तेवढ्या वेळात लूक टेस्ट, वाहिनीची मंजुरी, करार, कपडे. जुन्या नायिकेसाठी शिवलेले ब्लाउज उसवून नव्या मापाचे करायचे, कारण मागच्या भागात पेटी उघडून दाखवलेली साडी पुढच्या भागात नेसायची आहे. मंगळसूत्र तेच ठेवायचं, वाट्यांची बाजूसुद्धा बदलायची नाही. प्रेक्षक ते बघतात आणि लिहून कळवतात. दिवाणखान्यातली लग्नाची फ्रेम उतरवून नव्या जोडीचे फोटो काढायचे. हा फोटोंचा दिवस सेटवर सगळ्यांना जड जातो. नायकाला तोच शेरवानी, तेच मुंडावळ्यांचं बंधन घालून, तेच हसू पुन्हा हसावं लागतं, शेजारी माणूस वेगळं. कलादिग्दर्शनाचा मुलगा जुनी फ्रेम कागदात गुंडाळून गोदामात नेतो आणि लगेच पुढच्या सीनचं लायटिंग सुरू होतं, कारण वेळ नसतो.

लेखकाचं काम मात्र तिथून सुरू होतं. दीड वर्षात पात्राची वाक्यं नटीच्या श्वासाच्या मापाची झालेली असतात. आमच्या एका नायिकेची एक लकब होती. समोरच्याचं ऐकून घेऊन, थोडं थांबून, ती नुसतं "बरं" म्हणायची, आणि त्या एका शब्दात राग, दुखणं, माघार, सगळं यायचं. आम्ही ते "बरं" मुद्दाम वेगळ्या ओळीत लिहायचो. तिच्या जागी नवी मुलगी आली, मन लावून काम करणारी, पण तिच्या तोंडी ते "बरं" नुसता होकार वाटायचा. तिने तालमीत पाच तऱ्हांनी म्हणून बघितलं. शेवटी दिग्दर्शक म्हणाला, शब्द काढा. मग तिची बलस्थानं शोधली. ती प्रश्न विचारताना फार खरी वाटायची. म्हणून जिथे जुनी नायिका "बरं" म्हणून उठून गेली असती, तिथे नवीला विचारायला लावलं, "मग मी काय करावं असं तुम्हाला वाटतं?" आणि समोरच्याला अडचणीत टाकलं. पात्राचा स्वभाव तोच, व्यक्त व्हायची रीत तिची. हे जमायला काही आठवडे गेले. या आठवड्यांतच प्रेक्षक सर्वांत जास्त चिडलेला असतो, आणि नवी नटी या आठवड्यांत सेटवर फोन हातात घ्यायला घाबरते.

आणखी एक गोष्ट बघणाऱ्याला सहसा जाणवत नाही. नव्या चेहऱ्याला प्रेक्षक स्वीकारतो तो सहकलाकारांच्या डोळ्यांतून. नायक तिच्याकडे पहिल्या दिवसापासून बायको म्हणून बघतो की पाहुणी म्हणून, घरातली म्हातारी तिला हाक मारताना अडखळते का, मूल तिच्या अंगावर सहज रेलतं का. मोठी माणसं अभिनयाने निभावून नेतात. मुलांचं तसं नसतं. लहान कलाकाराला सेटवरच्या त्या मावशीचा खरा लळा लागलेला असतो. चांगली दिग्दर्शक मंडळी नव्या नटीला चित्रीकरणाआधी दोन दिवस बोलावून त्या मुलासोबत जेवायला, खेळायला बसवतात. ज्यांना तेवढा वेळ मिळत नाही त्यांच्या सीनमध्ये ते दिसतं.

वाहिनी ऐकते का? ऐकते, पण तुमच्या कॉमेंटपेक्षा आकडे जास्त. टीव्ही किती बघितला जातो हे मोजणाऱ्या बार्क या संस्थेचे आकडे दर गुरुवारी येतात. देशभरातल्या 50,000हून अधिक घरांत मीटर बसवलेले आहेत, त्यावरून टीव्हीवरची प्रेक्षकसंख्या काढली जाते. मोबाइलवर तुकडे बघणारा, सर्वांत जास्त लिहिणारा चाहता त्या आकड्यात नसतो. आणि माझा अनुभव असा की चेहरा बदलल्यावर पहिल्या आठवड्यात आकडे बऱ्याचदा वरच जातात, कारण नवी कशी आहे हे बघायला रागावलेलेही येतात. खरं चित्र महिन्या-दीड महिन्याने कळतं.

चाहत्यांच्या आवाजाने माणूस परत आल्याचं सर्वांत गाजलेलं उदाहरण 'क्योंकि सास भी कभी बहू थी'चं. 2001च्या सुरुवातीला मिहीर विरानी मेला आणि देशभर बायका शोकात बुडाल्या, निर्मात्यांच्या कार्यालयात फोन थांबेनात. मिहीर परत आला, अमर उपाध्यायच्याच रूपात. पण पुढे अमर उपाध्यायने स्वतःच मालिका सोडली तेव्हा मात्र कोणाचा आग्रह कामी आला नाही. काही काळ इंदर कुमार आला, मग रोनित रॉय आला, आणि मालिका नोव्हेंबर 2008मध्ये संपेपर्यंत तोच मिहीर होता. तुळशीचंही तसंच. स्मृती इराणी 2007मध्ये बाहेर पडली, आपली गौतमी गाडगीळ-कपूर तिच्या जागी उभी राहिली, आणि शेवटाकडे स्मृती परत आली. कथेने मारलेलं पात्र प्रेक्षकांच्या दबावाने जिवंत होऊ शकतं. निघून गेलेला कलाकार त्याची स्वतःची इच्छा असल्याशिवाय येत नाही. मराठीत 'माझ्या नवऱ्याची बायको'मधली शनाया आठवा. रसिका सुनील 2018मध्ये अभिनयाच्या शिक्षणासाठी अमेरिकेला गेली, ईशा केसकर शनाया झाली. 2020मध्ये ईशा थांबली तेव्हा रसिका पुन्हा आली. दोन्ही वेळा निर्णय कलाकारांच्या आयुष्यातून आला.

'तारक मेहता का उल्टा चश्मा'ने उलटा रस्ता धरला. दिशा वकानी 2017मध्ये बाळंतपणासाठी गेली, परत आली नाही, आणि दयाबेनची जागा वर्षानुवर्षं रिकामी ठेवली. प्रेक्षक त्यामुळे तरी शांत राहिले का? नाही. दया येणार, आली, आता दार उघडणार, असे ट्रॅक दाखवून ऐन वेळी ती न आल्याचं दाखवलं तेव्हा बहिष्काराच्या हाका उठल्या. मला यात प्रेक्षकांचा राग पूर्ण रास्त वाटतो. न येणाऱ्या माणसाची वाट बघायला लावणं हे नवा चेहरा आणण्यापेक्षा वाईट.

आणि जिथे बदल जमला ती उदाहरणंही सासूबाईंनी बघितलेली असतील. 'आई कुठे काय करते'मधली संजना आधी दीपाली पानसरे होती. 2020च्या टाळेबंदीत चित्रीकरण थांबलं, पुन्हा सुरू झालं तेव्हा दीपाली नव्हती, रूपाली भोसले होती. मालिका तेव्हा काही महिन्यांचीच होती आणि मधल्या खंडामुळे रोजची सवय मोडलेली होती. पुढे 2024मध्ये मालिका संपेपर्यंत संजना म्हटलं की लोकांना रूपालीच दिसायची. 'ठरलं तर मग'मधल्या पूर्णा आजी, ज्योती चांदेकर, ऑगस्ट 2025मध्ये गेल्या. तिथे लपवण्यासारखं काही नव्हतं. सगळे उघडपणे हळहळले, सहकलाकार बोलले, प्रेक्षक बोलले, मग रोहिणी हट्टंगडींनी ती भूमिका घेतली. प्रेक्षकांना आधी निरोप घेता आला. माझ्या मते इथेच खरी गोम आहे. लोक बदलावर जेवढे चिडतात त्याहून जास्त, आपल्याला कोणी विचारलं नाही, सांगितलं नाही, यावर चिडतात. वाहिन्यांनी भागाच्या शेवटी अर्धा मिनिट द्यावा. जाणारीने स्वतः नमस्कार करून सांगावं की मी थांबते आहे, ही माझी जागा घेते आहे, हिला सांभाळून घ्या. त्यात गोपनीयतेचं कुठलं कलम मोडत नाही. मी हे बैठकांमध्ये बोलत आले आहे आणि बोलत राहीन. निरोपाची जागाच नसल्यामुळे सगळा राग जाऊन पडतो तो समोर दिसणाऱ्या एकमेव माणसावर, म्हणजे नव्या नटीवर. तिने कोणाला हाकललेलं नसतं. तिला फोन आला, काम मिळालं, तिने केलं. स्वरदाने याआधी 'स्वराज्य सौदामिनी ताराराणी'त ताराराणी साकारली होती. तलवार हातात घेतलेली ती मुलगी वेगळ्या ताकदीची आहे. तिला तेजश्रीच्या मापाने मोजणं दोघींवर अन्याय करणारं होतं.

मालिका तिथेच का थांबवत नाहीत, तर एका मालिकेवर ऐंशी-शंभर माणसांचं घर चालतं. स्पॉटदादा, लाइटमन, मेकअप, केशभूषा, संकलक, गाडीवाले. त्यांचा पगार नायिकेच्या नावावर नसतो. जाहिराती आधी विकलेल्या असतात, त्या वेळेला लावायला दुसरी मालिका तयार नसते. आणि बाकीच्या कलाकारांनीही दीड वर्ष त्या गोष्टीत घातलेलं असतं, सागरची, सावनीची गोष्ट अर्धीच असते. मालिका संपते ती एका कारणाने कधीच नाही. आकडे, वेळ, समोरच्या वाहिनीवर काय आहे, खर्च, कथा किती उरली आहे, नवी मालिका केव्हा तयार होते आहे, हे सगळं एकत्र बघून निर्णय होतो. सासूबाईंच्या घरी मीटर नसेल तर त्यांच्या बघण्या-न बघण्याची नोंद कुठे झालेलीही नाही. मनावरचं ओझं खाली ठेवायला सांगा.

पुढच्या वेळी असं झालं तर लिहायचं कसं, तेही सांगते, कारण लिहिलेलं कोणीतरी वाचतं. मोठ्या वाहिन्यांकडे त्यासाठी माणसं असतात आणि कामाच्या गोष्टी आमच्यापर्यंत पोचतात. "हिला काढा, तिला आणा" हे हजारांनी येतं आणि त्याचं आम्ही काहीच करू शकत नाही. पण एकदा एका आजींनी लिहिलं होतं की तुमची नवी सून देवघरात उलट्या हाताने उदबत्ती लावते, आधीची असं कधी करत नव्हती, आणि तिला सासऱ्यांशी बोलताना एकदम वरच्या पट्टीत का बोलायला लावता? ते पत्र क्रिएटिव्हच्या बैठकीत मोठ्याने वाचलं गेलं आणि त्याच आठवड्यात दोन सीन बदलले. पात्र कुठे चुकतंय हे नेमकं कळवलं तर ते लेखकाच्या टेबलावर येतं. नटीचा रंग, उंची, चेहरा यावर लिहिलेलं फक्त तिच्यापर्यंत पोचतं, आणि ती ते रात्री एकटी वाचते.

राहिला तेजश्रीचा प्रश्न. ती ऑगस्ट 2025मध्ये झी मराठीवरच्या 'वीण दोघांतली ही तुटेना'मध्ये सुबोध भावेसोबत स्वानंदी म्हणून आली. सासूबाईंना ती मुलगी हवी असेल तर तिथे आहे, ते भाग त्यांना लावून द्या. मुक्ता हवी असेल तर 'प्रेमाची गोष्ट'चे सुरुवातीचे भाग पुन्हा बघता येतील. आणि जमलं तर त्यांच्याकडून स्वरदासाठी दोन ओळी लिहून घ्या. मालिका संपली असली तरी चालेल.